बारा महिने, बारा ग्रंथ : वार्षिक वाचनसंकल्प आणि पुस्तकांची निवड



नववर्षाच्या आरंभी संकल्प सोडण्याची प्रथा सर्वत्र आहे. त्यांत वाचनाचा संकल्पही असतो. "यंदा पंचवीस पुस्तके वाचायची", "यंदा पन्नास वाचायची" अशा स्वरूपाचा हा संकल्प बहुधा संख्येचा असतो. संख्येच्या संकल्पात एक उणीव राहून जाते. पन्नास पुस्तके वाचणारा वाचक एकाच लेखकाच्या पन्नास कादंबऱ्या वाचून मोकळा होऊ शकतो. संख्या पुरी होते. परंतु वाचकाचे जग जिथे होते तिथेच राहते.

या उणिवेवर उपाय म्हणून अलीकडच्या काळात एक निराळी पद्धत रूढ झाली आहे. तीत वर्षारंभी पुस्तकांची संख्या ठरवण्याऐवजी सूत्रे ठरवली जातात. एक पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचे असावे, एक अनुवादित असावे, एक आपल्या जिल्ह्याविषयी असावे, अशी ही सूत्रे असतात. आणि प्रत्येक सूत्रात बसेल असे पुस्तक वाचकाने स्वतः शोधायचे असते. 'बुक रायट' या अमेरिकी ग्रंथविषयक संस्थेने २०१५ साली अशा चोवीस सूत्रांचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो, आणि २०२५ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम राज्यभर झाला. तेव्हा संकल्पाची भाषा येथील वाचकाला नवी नाही. नवा आहे तो प्रश्न निवडीचा.

सूत्रांची आवश्यकता

कोणत्याही गावच्या वाचनालयात देवघेवीची नोंदवही उघडून पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. काही पुस्तकांच्या पाठीमागील तारखांच्या चिठ्ठीवर जागा उरलेली नसते; आणि त्याच कपाटातील काही पुस्तकांची चिठ्ठी कोरी असते. कोऱ्या चिठ्ठीचे पुस्तक वाईट असते असे नाही. ते कोणी मागितले नाही, एवढाच त्याचा अर्थ. परंतु त्याचा परिणाम दूरवर पोचतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते; पण लहान वाचनालयाच्या हाती ग्रंथखरेदीसाठी येणारी रक्कम मर्यादितच असते. ती खर्च करताना कार्यकारी मंडळ साहजिकच मागणी पाहते. कादंबरीला मागणी असेल तर कादंबरी येते. विज्ञान, नाटक, प्रवासवर्णन यांना मागणी नसेल तर ती येत नाहीत. काही वर्षांनी त्या गावातील एखाद्या शाळकरी मुलीला खगोलशास्त्रावरचे पुस्तक हवे असते, तेव्हा ते कपाटात नसते. म्हणून वाचकाची सवय ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही. पुढच्या वाचकाला काय मिळेल, हेही तिच्यावर ठरते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य प्रवर्तक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हा त्यांतील दुसरा. आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, हा तिसरा. दुसऱ्या सिद्धान्ताकडे सर्वांचे लक्ष असते. तिसरा मात्र उपेक्षित राहतो. सूत्रांनुसार पुस्तके निवडण्याची पद्धत या तिसऱ्या सिद्धान्ताच्या सेवेस येते. जे पुस्तक एरवी कोणी मागितले नसते, त्याच्याकडे वाचकाचा हात ती वळवते.

सूत्रे कशी असावीत?

सूत्रांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार विषयाचा. यासाठी ग्रंथालयात तयार साधन आहे. मेल्विल ड्यूई याने १८७६ साली मांडलेल्या दशांश वर्गीकरणात सर्व ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग केलेले आहेत. प्रत्येक वर्गातून एक पुस्तक घेतले तरी तत्त्वज्ञान, धर्म, समाजशास्त्र, भाषा, विज्ञान, कला, साहित्य आणि इतिहास यांतून वाचकाची एक प्रदक्षिणा पूर्ण होते. दुसरा प्रकार काळ, प्रदेश व लेखक यांचा. जुने पुस्तक, परप्रांतातील पुस्तक, स्त्रीने लिहिलेले आत्मचरित्र ही त्याची उदाहरणे होत. तिसरा प्रकार निव्वळ योगायोगाचा. शीर्षकात रंगाचे नाव असावे, संख्या असावी, अशी ही सूत्रे असतात.

हा तिसरा प्रकार पोरकट वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तो तसा नाही. शीर्षकात रंग शोधणारा मराठी वाचक लवकरच जी. ए. कुलकर्णी यांच्यापाशी येऊन थांबतो. 'निळासावळा' (१९५९) आणि 'हिरवे रावे' (१९६२) हे त्यांचे कथासंग्रह रंगाच्या सूत्रात सहज बसतात. रंग शोधत आलेला वाचक मराठीतील अत्यंत गंभीर अशा कथांच्या दारात उभा राहतो. योगायोगाचा लाभ हाच की, "हे आपल्याला झेपणार नाही" असे म्हणण्याची संधी तो वाचकाला देत नाही.

निवडीची काही उदाहरणे

'शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक' हे सूत्र घेऊ. येथे ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हा निबंध आहे; हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेले अमेरिकेच्या लोकस्थितीचे व प्रवासाचे वृत्तही आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा ग्रंथ १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केला. दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेलेला हा भिक्षुक १८५७ च्या वणव्यात सापडला आणि झाशीचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. जुन्या भाषेला बिचकणाऱ्या वाचकाने यांपैकी आधी कोणते घ्यावे? ज्याला कथेचा ओघ लागतो त्याने गोडसे भटजींचे. ज्याला वादाची धार आवडते त्याने ताराबाईंचे. सूत्र एकच असले, तरी वाचकाच्या प्रकृतीप्रमाणे ग्रंथ बदलावा, हे निवडीचे पहिले तत्त्व होय.

'स्त्रीचे आत्मचरित्र' या सूत्रात लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे नाव सर्वांच्या ओठी येते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याने ते पूर्वी वाचले असेल, त्याने पुन्हा तेच घेऊन रकाना भरू नये. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. फलटण परिसरातील दलित स्त्रियांचे जिणे त्यात त्यांच्याच बोलीत उतरले आहे. ज्या अनुभवाशी वाचकाचा परिचय नाही, त्या अनुभवाकडे सूत्राने न्यावे, हे दुसरे तत्त्व.

'अनुवादित पुस्तक' म्हटले की पुष्कळांची दृष्टी थेट इंग्रजीकडे जाते. शेजारच्या भाषा मात्र दुर्लक्षित राहतात. उमा कुलकर्णी यांनी कन्नडमधील भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ भाषेचा परिचय करून घेतला आणि 'कुरल' मराठीत उतरवले. सोलापूर वा कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला कन्नड रोज कानी पडते. त्या भाषेतील एक कादंबरी वर्षातून वाचणे हा शेजारधर्मच म्हणावा लागेल.

'आपला मुलूख' या सूत्राला मराठीत तोटा नाही. माणदेशासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), विदर्भासाठी उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०), मराठवाड्यासाठी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१) आणि कोकणासाठी श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) आहे. येथे एक सुचवावेसे आहे : पहिल्या वर्षी आपल्या मुलखाचे पुस्तक घ्यावे, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विभागाचे. धरणग्रस्तांचे दुःख सांगणारी विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' धरणाच्या पाण्यावर ज्याची शेती भिजते त्या शेतकऱ्याने वाचावी. शेतकऱ्याच्या घरातील ओढगस्त मांडणारी सदानंद देशमुख यांची 'बारोमास' शहरातील वाचकाने वाचावी. आपापले दुःख प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्याचे कळण्यासाठी पुस्तक लागते.

'निसर्ग' या सूत्रासाठी दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६) हे पुस्तक वार्षिक संकल्पाला विशेष अनुकूल आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत मासामासाने त्याची रचना आहे. ते एका बैठकीत संपवण्याऐवजी दर महिन्याला त्या महिन्याचे प्रकरण वाचावे, आणि मग दाराबाहेरचे झाड पाहावे.

काही वादाचे मुद्दे

एकच पुस्तक अनेक सूत्रांत बसले तर काय करावे? डॉ. जयंत नारळीकर यांचे 'चार नगरांतले माझे विश्व' हे पुस्तक घ्या. शीर्षकात संख्या आहे, ते आत्मचरित्र आहे, एका वैज्ञानिकाचे आहे, आणि २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्याला मिळालेला आहे. चार रकाने एका पुस्तकाने भरणे नियमात बसेल. पण मग संकल्पाचा हेतू साधत नाही. एक पुस्तक, एक सूत्र हा साधा नियम पाळलेला बरा.

दुसरा मुद्दा कृश पुस्तकांचा. डिसेंबर उजाडला की रकाने भरण्यासाठी पातळ पुस्तके शोधण्याचा मोह होतो. पातळपणा हा दोष नव्हे. परंतु निवडीचा निकष पृष्ठसंख्या झाली, की संकल्प हा हिशेब होऊन बसतो. खरे पाहता बारा ग्रंथांचा भार मोठा नाही. सरासरी अडीचशे पृष्ठांचा ग्रंथ धरला, तर वर्षाची पृष्ठे होतात ३,०००. म्हणजे दिवसाला आठ-नऊ. शेतातून वा कचेरीतून परतलेल्या माणसालाही अर्ध्या तासात एवढी मजल मारता येते. वर्षअखेरची धावपळ टाळण्याचा उपाय जानेवारीतच असतो.

तिसरा मुद्दा अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा. काही पुस्तके त्या वेळी रुचत नाहीत. अशा वेळी पन्नास पृष्ठे निष्ठेने वाचून मग ते बाजूस ठेवण्यात कमीपणा नाही. मात्र सूत्र सोडू नये. त्याच सूत्रातील दुसरे पुस्तक घ्यावे. नाटक आवडले नाही म्हणून नाट्यवाङ्मयच वर्ज्य करणे योग्य नव्हे. तेंडुलकरांचे नाटक जड गेले, तर देवलांची 'शारदा' आहे.

वाचनालयाचे साहाय्य

वाचकाने सूत्र घेऊन यावे आणि ग्रंथपालाने पुस्तक काढून द्यावे, ही या उपक्रमाची खरी जागा आहे. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. दर्शनी भागात महिन्याचे सूत्र लिहिलेला फलक लावावा. त्या सूत्रातील आठ-दहा पुस्तके कपाटातून काढून मेजावर मांडावीत. कुलूपबंद कपाटातील ग्रंथ मागण्यास नवा वाचक संकोचतो. वर्षभर ज्यांची चिठ्ठी कोरी राहिली अशा पुस्तकांची यादी करून त्यांच्यावरूनच पुढील वर्षाची काही सूत्रे बेतावीत. मागणी कशाची वाढली याची नोंद खरेदीच्या सभेपुढे ठेवावी. रत्नागिरीच्या १८२८ सालच्या वाचनालयापासून चालत आलेल्या परंपरेला हे काम अवघड नाही.

ज्यांना वाचता येत नाही वा डोळ्यांनी साथ सोडली आहे, त्यांनाही या संकल्पातून वगळण्याचे कारण नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींच्या रचना इतरांनी टिपून ठेवल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्या ग्रंथरूपाने आल्या. जे तोंडातून पुस्तकात आले, ते पुस्तकातून पुन्हा तोंडी यावे. घरातील शाळकरी मुलाने आजीला रोज दोन पाने वाचून दाखवावीत. ते पुस्तक दोघांच्याही यादीत धरावे.

वर्ष संपताना यादीतील बारा खुणा पुऱ्या झाल्या की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्यात. सूत्रामुळे वाचलेल्या एखाद्या ग्रंथाने सूत्राबाहेरच्या दुसऱ्या ग्रंथाकडे नेले काय? आणि वाचनालयातील निदान एका कोऱ्या चिठ्ठीवर आपल्यामुळे तारीख पडली काय? या दोहोंचे उत्तर होकारार्थी असेल, तर नऊ पुस्तकांवर थांबलेला संकल्पही सफल झाला असे म्हणावे. त्या एका तारखेमुळे ते पुस्तक कपाटात आपली जागा राखून राहील, आणि ज्याला त्याची खरी गरज आहे असा वाचक कधीतरी येईल तेव्हा त्याला ते मिळेल.