पट्टी ओढणारा हात आणि चैत्रातले ऊन



न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला, आणि पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. तेव्हा वसंतातल्या व्याख्यानाशी आपल्या गावाचे नाते जन्माचेच म्हणायचे. अशा ठिकाणी सातवीत शाळा सोडलेल्या माझ्यासारख्याने उभे राहावे, हे धाडसच आहे. मी तसे चिटणीसांना म्हटलेही. ते म्हणाले, “तुम्हांला जे ठाऊक आहे त्यावर बोला.” मला ठाऊक आहे ते खोक्यांना पट्टी मारण्याचे काम. अकरा वर्षे मी ते केले, आणि पुढे ते करणाऱ्यांची संघटना बांधण्यात आयुष्य गेले. आज त्याच कामाविषयी आणि ते ज्या उन्हात होते त्या उन्हाविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण बागाईतदार आहेत. त्यांना मालाचा प्रवास मी सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. परदेशी जाणारी द्राक्षे साडेचार-पाच किलोच्या खोक्यांत भरतात, शीतगृहात गार करतात. लाकडी पॅलेटवर खोक्यांची माणसाहून उंच थप्पी रचतात, चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे काटकोन उभे करतात आणि सभोवती प्लॅस्टिकची पट्टी आवळतात. बेदाण्याच्या खोक्यांनाही पट्टी लागते. पट्टी सैल राहिली तर रस्त्यातल्या पहिल्या खड्ड्यात थप्पी कलते. फार आवळली तर खालचे खोके दबते. वर्षाची कमाई अशी त्या बोटभर पट्टीच्या ताणावर उभी असते.

हाताने काम करायचे तर दोन हत्यारे लागतात. एक टेन्शनर, म्हणजे दांड्याचा प्रत्येक हेलकावा पट्टीला एकेक दाता पुढे ओढतो ते. दुसरा सीलर, म्हणजे लांब दांड्यांची पक्कड. ती लोखंडी क्लिप दाबून दोन टोके एकत्र करते. आता बॅटरीवरचे यंत्र आले आहे. ते पट्टी ओढते, दोन थर एकमेकांवर जोराने घासून त्या उष्णतेने चिकटवते आणि उरलेले टोक कापते. काम हलके झाले हे खरे. पण यंत्र हातातच धरावे लागते, पट्टी थप्पीखालून वाकूनच घालावी लागते, आणि वर पत्र्याचे छप्पर तेच असते.

निफाडचे नाव वर्तमानपत्रांत येते ते थंडीसाठी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा उतरला की दुसऱ्या दिवशी बातमी होते. परंतु हंगाम संपत येतो तो मार्च-एप्रिलमध्ये. त्या पत्र्याखालच्या दुपारची बातमी कधी होत नाही.

ऊन प्रथम पट्टीला लागते. हलकी पट्टी असते ती पॉलिप्रॉपिलीनची. ती ताणून ठेवली की हळूहळू आपोआप सैल पडते, आणि उष्णतेत अधिकच सैल पडते. पॉलिएस्टरची पट्टी ताण अधिक काळ धरते. म्हणून जड थप्पीला तीच योग्य. हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते. सकाळी गच्च मारलेली पट्टी दुपारी सैल दिसली की मुकादम म्हणायचा, “हात चोरलास.” मग आम्ही दुप्पट जोर लावून ओढायचो. दोष पट्टीचा होता, घाम आमचा जात होता आणि दंडही आमच्याच मजुरीतून कापला जात होता. बॅटरीच्या यंत्राचेही तसेच. बॅटरी उन्हात तापली की यंत्र थांबते, आणि तापलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर ती लवकर निकामी होते. तिला सावलीत निवू द्यावे लागते. यंत्र दमले की त्याला सावलीत ठेवण्याचे शहाणपण आपल्यापाशी आहे, हे ध्यानात ठेवा.

मग ऊन माणसाला लागते. आपल्या अंगाची उष्णता सदतीस अंशांच्या आसपास राहावी लागते. कष्ट करणारा स्नायू स्वतःच उष्णता निर्माण करतो, आणि ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घाम वाळणे. नुसता निथळणारा घाम गारवा देत नाही; तो वाळला पाहिजे. बंद शेडमध्ये वारा नाही, अंगात जाड कपडे, तर घाम वाहतो पण वाळत नाही. प्रथम पायांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. हाताची पकड सुटते, आणि नेमकी त्याच वेळी हातात कापणी असते. ताणलेली पट्टी, विशेषतः पोलादाची, कापताना चाबकासारखी उसळते. म्हणून समोर न राहता बाजूला उभे राहून कापायचे आणि डोळ्यांना चष्मा लावायचा, हा नियम आहे. पण घामाने चष्मा धुरकटला की माणूस तो काढून ठेवतो. पुढची पायरी उष्माघाताची. अंग चाळीस अंशांच्या वर जाते आणि माणूस असंबद्ध बोलू लागतो. तिथे घटकाभराचा उशीरही जीव घेतो.

आता माझ्या चुकीची गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये एका पॅकिंग शेडमधल्या पट्टीवाल्यांची मागणी घेऊन मी मालकाशी बोलणी केली. दोन दिवसांच्या ताणाताणीनंतर दिवसाला वीस रुपये उन्हाळी भत्ता मिळाला. आम्ही गुलाल उधळला, मला हारही घातला. त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास आमचा एक साथी थप्पीजवळ उभा राहून रिकाम्या हवेत पट्टी ओवू लागला. भोवतालचे हसले, त्यांना वाटले, थट्टा करतो आहे. मग तो कोसळला. सुरगाण्याकडून आलेला, त्या कामावर नवा माणूस. दवाखान्यात नेईतो तास गेला. तो वाचला, पण पुढे उन्हात उभे राहणे त्याला कधी साधले नाही.

त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “भाऊ, ते दिवसाचे वीस रुपये तुम्हीच ठरवले ना?”

मंडळी, त्या प्रश्नाचे उत्तर मी अजून देतो आहे. मी पाणी मागितले नव्हते, सावली मागितली नव्हती, विसावा मागितला नव्हता. मी उन्हाची किंमत ठरवून माझ्या माणसांच्या वतीने ते विकत घेतले होते. भत्ता घेतल्यावर तक्रार कोण करणार? मालकाला वाटले, उन्हाचा हिशेब चुकता झाला. आम्हांलाही तसेच वाटले.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागणीपत्र दिले, ते मी पुढे वाचले. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती, जखमी कामगाराची तरतूद होती. पगार वेळेवर द्यावा असेही होते; पण पगारवाढ नव्हती. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. ज्या चळवळीचा आरंभ दुपारच्या विसाव्यापासून झाला, तिचा पाईक म्हणवणारा मी दुपार विकून आलो होतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यातून शिकून त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२४ मध्ये जगातील दोन अब्ज चाळीस कोटी कामगार अतिउष्णतेच्या छायेत असल्याचे सांगितले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात पिण्याचे पाणी गार करून देण्याचे बंधन घातले होते. तहान मात्र पाचजणांच्या शेडमध्येही तेवढीच लागते! तो कायदा २०२० च्या नव्या संहितेत विलीन झाला, आणि ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यात यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना ठरण्यासाठी दहाऐवजी वीस कामगार लागतात. म्हणजे लहान शेड कारखान्याच्या व्याख्येपासून आणखी दूर गेली. तेव्हा कायद्याची वाट न पाहता आपण काय करू शकतो ते सांगतो.

दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, आणि माठ हाताशी, फाटकापाशी नव्हे. पत्र्यावर चुन्याचा हात, भिंतींना वाऱ्याची वाट. जड थप्प्या सकाळी अकराच्या आत, उरलेल्या संध्याकाळी. मजुरी थप्पीवर असेल तर विसाव्याची वेळ मजुरीत धरलेली, नाहीतर तो विसावा कोणी घेणार नाही. नव्या माणसाला पहिल्या दिवशी एक पंचमांश काम, मग रोज तेवढीच वाढ. कारण उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. जोडीजोडीने काम, म्हणजे एक भांबावला तर दुसऱ्याला कळेल. आणि कोणी भांबावला तर हसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

माझे बोलणे संपत आले. शीतगृहाच्या दाराशी तापमान दाखवणारा आकडा असतो. तो दोन अंशांनी चुकला तर रात्री फोन वाजतात, माणसे धावतात. ते योग्यच आहे. द्राक्ष नाजूक आहे. माझी विनंती इतकीच, की येत्या हंगामात तसाच एक थर्मामीटर पट्टी मारण्याच्या जागी, पत्र्याखाली टांगावा, आणि दुपारी दोन वाजता मालकाने स्वतः जाऊन तो वाचावा. फार किंमत पडत नाही. आमच्या संघटनेने मागण्यांच्या यादीत आता तो पहिला ठेवला आहे, आणि भत्ता शेवटी.