घानाचे सुवर्णासन



आफ्रिका म्हटली की आपल्यापुढे जंगल आणि सिंह उभे राहतात. आज मी पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या अशांती लोकांविषयी बोलणार आहे. कुमासी ही त्यांची राजधानी. त्यांच्यात कूळ आईकडून चालते. नव्या राजाचे नावही राजमाता सुचवते. जन्मवारावरून मुलाचे नाव पडते. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. कोफी अन्नान शुक्रवारचेच!

पण या समाजाचा जीव आहे एका सोन्याच्या आसनात. त्यावर राजाही बसत नाही, कारण ते साऱ्या जनतेचे. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसन याने ते आपल्याला बसायला मागितले! तेव्हा एजिसूची राजमाता या असांतेवा लढायला उभी राहिली. युद्धात हार झाली. तिला सेशेल्स बेटांवर हद्दपार केले, तेथेच १९२१ मध्ये ती वारली. आसन मात्र इंग्रजांना मिळाले नाही.

इतर सोने गेले. १८७४ मध्ये इंग्रज फौजेने कुमासीचा राजवाडा लुटला. २०२४ मध्ये लंडनच्या दोन संग्रहालयांनी ३२ वस्तू कुमासीला पाठवल्या. त्यांत लुटीच्या बऱ्याच, आणि त्याही ३ वर्षांच्या उसनवारीवर. मी बँकेत खतावण्या लिहितो. मालकालाच त्याचा माल उसना दिला, ही नोंद कोणत्या खात्यात करावी हे मला सुचत नाही. कायमचे द्यायला कायद्याची आडकाठी आहे, असे सांगतात. लॉस एंजेलिसच्या फाउलर संग्रहालयाने मात्र त्याच वर्षी ७ वस्तू कायमच्या परत केल्या.