लंगडी कोंबडी : सुरीआधी पाय पाहा



आज पिकाविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते परसात लंगडणाऱ्या एका कोंबडीविषयी. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कोंबडीसाठी भाषण कशाला? पण घरच्या कोंबड्यांचा हिशेब घरधनिणीकडे असतो. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, एस. टी.चं तिकीट हे पुष्कळदा अंड्यांच्या पैशातून निघतं. त्यातून ती कोंबडी चांगली खुडूक बसून पिल्लं सांभाळणारी असली, तर ती गेल्यावर नुसती एक कोंबडी जात नाही, पुढची पिल्लंही जातात.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगतो. एका वाडीत एका आजींची कोंबडी कुत्र्याच्या तोंडातून सुटली होती. गुडघ्याखाली पाय लोंबत होता. मी नवा साहेब, ऐटीत सांगून टाकलं, "आजी, हिचा आता उपयोग नाही. रस्सा करा." आजी म्हणाल्या, "सायेब, ती दाणं टिपतीया की अजून!" दोन महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तर तीच कोंबडी थोडी झुकून चालत पिल्लं हिंडवत होती. कॉलेजात आम्हाला कोंबडीपालन शिकवलं ते हजार-हजार पक्ष्यांच्या शेडचं. तिथं लंगडा पक्षी वेगळा काढून टाकतात, आणि तिथं ते बरोबरही असतं. परसातल्या पाच-सात कोंबड्यांना तो हिशेब लावायचा नसतो, हे मला आजींनी शिकवलं. मी जनावरांचा डॉक्टर नव्हे. तेव्हा घरी काय करता येतं आणि दवाखाना केव्हा गाठायचा, एवढंच सांगतो.

पहिला प्रश्न हा, की हे दुखणं पायाचं आहे की रोगाचं? एकच कोंबडी, एकच पाय, काल ठीक होती आणि आज लंगडते, डोळे स्वच्छ आहेत, दाणे टिपते आहे, तर बहुधा मार लागला आहे. पण तलंग वयाची, म्हणजे दीड ते पाच-सहा महिन्यांची कोंबडी एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पडली असेल आणि हळूहळू वाळत असेल, तर तो मरेक्स असू शकतो. त्याला औषध नाही. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघतं त्याच दिवशी द्यावी लागते. म्हणून विकतची पिल्लं घेताना ती लस झाली आहे का, हे विचारून घ्या. मान वाकडी होणं, हिरवट-पांढरी हगवण, धाप, आणि एकामागून एक कोंबड्या लुळ्या पडणं ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. ही झाल्यावर धावाधाव करून उपयोग होत नाही. पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर टू बी, या लसी वेळेवर दिल्या तरच खुराडं वाचतं. आणि पटापट कोंबड्या मरायला लागल्या तर त्यांना उघड्या हातांनी उचलू नका, बाजारात नेऊ नका, लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते पुष्कळांना आठवत असेल.

आता मार लागलेल्या कोंबडीकडे येऊ. दिवसा तिच्यामागे धावू नका, दुखरा पाय आणखी दुखावतो. दिवेलागणीला खुराड्यात बसली की दोन्ही हातांनी पंखांसकट उचला, मांडीवर घ्या आणि बत्तीच्या उजेडात पाय खालून वर बघत जा. आधी बोटं. बायकांचे विंचरलेले केस, गोणीचा सुतळीदोरा, नायलॉनचा धागा बोटांना गुंडाळून रुतून बसतो आणि बोट काळं पडतं. कात्रीच्या टोकानं तो धागा अलगद कापला की चार दिवसांत लंगडणं थांबतं. निम्म्या वेळा दुखणं एवढंच असतं, असा माझा अनुभव आहे.

मग तळपाय. तिथं काटा, काच, किंवा मध्ये काळी खपली असलेली टणक गाठ दिसते का? उंच माळ्यावरून रोज उडी मारणाऱ्या, ओल्या घाणीत वावरणाऱ्या कोंबडीला ही गाठ होते. वनराजा, गिरिराज असे वजनदार पक्षी असतील तर जास्तच. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून त्यात पाय दहा मिनिटं बुडवून धरा, पुसून कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर कापूस ठेवून पट्टी बांधा. असं रोज करा. घरच्या ब्लेडनं गाठ कापू नका. आतला पू पातळ नसतो, दह्याच्या गाठीसारखा घट्ट असतो, तो दाबून निघत नाही. गाठ मोठी असेल तर ते काम डॉक्टरांचं. नंतर हात साबणानं धुवा.

गुडघ्याखालची उघडी, खवल्यांची नळी मोडली असेल आणि हाड बाहेर आलं नसेल, तर घरी बांधता येते. आजींनी तेच केलं होतं. एकानं कोंबडी धरायची, तोंडावर फडकं टाकायचं म्हणजे ती शांत राहते. नळीभोवती कापूस, त्यावर नळीएवढ्या लांबीच्या बांबूच्या दोन गुळगुळीत कामट्या, आणि वरून बोटभर रुंदीची कापडी पट्टी. सुतळी नको. दोन-तीन तासांनी बोटं पाहायची. गार किंवा सुजलेली लागली तर पट्टी घट्ट झाली आहे, सोडून पुन्हा बांधा. साधारण तीन आठवडे ठेवायची, मधे भिजू द्यायची नाही. मांडीचं हाड मोडलं, हाड कातडीबाहेर आलं, किंवा पाय काळा-थंड पडला, तर घरगुती खटपट करू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ क्रमांकावर विचारा.

कुत्र्या-मुंगसाच्या दातांची जखम वरून लहान दिसते, आत खोल असते. पिसं कापून जखम मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा. पावसाळ्यात माशी बसून एका दिवसात आसाड्या पडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळ जखम पाहा. आसाड्या दिसल्या तर चिमट्यानं काढा. माणसांच्या गोळ्या मात्र कुटून घालू नका. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर किती दिवस अंडी आणि मटण खायचं नाही, हे त्यांनाच विचारा.

बांधलेल्या पायापेक्षा पुष्कळ कोंबड्या उपाशी आणि तहानेल्या राहून मरतात. पाण्यापर्यंत जाता येत नाही, एवढंच कारण. कोरड्या पेंढ्यावर किंवा भुश्यावर डालग्याखाली ठेवा. पाण्याची वाटी आणि भरडा चोचीच्या अंतरावर असू द्या. घशात पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. अंड्यावरची असेल तर शिंपल्यांचा चुरा द्या. विष्ठा रोज काढा. एकाच अंगावर पडून राहिली तर छातीला फोड येतात, म्हणून कूस बदलून ठेवा.

डालगं खुराड्याशेजारीच, बाकीच्यांना दिसेल असं ठेवा. लांब ठेवलेली कोंबडी परत सोडली की इतर कोंबड्या तिला अनोळखी समजून टोचतात, आणि लाल जखम दिसली तर मुद्दाम तिथंच. जखम पूर्ण भरल्यावर संध्याकाळी अंधार पडता पडता तिला खुराड्यात सोडा. बसायची दांडी महिनाभर तरी फूटभर उंचीवरच ठेवा. ती उडी मारायला लागली, की मग वर चढवा.