शेवटची गाडी आणि पायवाट

(छत्रपती संभाजीनगर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘अर्थकारण’ या सदराखाली माझे नाव छापलेले आहे, आणि मी बोलणार आहे डोंगरात पायी हिंडण्याविषयी. निवृत्त प्राध्यापक विषय सोडून बोलतात असा एक समज आहे; तो मी आज दृढ करतो आहे, असे आपणांस वाटेल. परंतु शेवटपर्यंत ऐकलेत, तर हा विषय अर्थकारणाचाच, किंबहुना सार्वजनिक सेवेच्या अर्थकारणाचा आहे, हे आपल्या ध्यानात येईल.

१९८० च्या सुमारास मी अर्थशास्त्राच्या एम.ए.चा विद्यार्थी होतो. आम्ही चौघे मित्र एका रविवारी एस.टी.ने कन्नडला गेलो आणि तेथून पुढे पितळखोऱ्याची लेणी पाहावयास पायी निघालो. लेणी पाहण्यात, ओढ्याकाठी शिदोरी सोडण्यात आणि वाद घालण्यात दिवस कधी मावळला ते कळले नाही. परतीची गाडी आमच्याच दिरंगाईने हुकली. अंधारात चाचपडत एका वस्तीवर पोहोचलो, तो मारुतीच्या पाराजवळ मुक्कामी गाडी उभी दिसली. चालक आणि वाहक तीन दगडांच्या चुलीवर पिठले शिजवीत होते. त्यांनी आम्हांला भाकरी दिली आणि निजावयास गाडीतील बाके दिली. पहाटे आम्हांला जाग आली ती दुधाच्या किटल्यांच्या आवाजाने. दूधवाले, तालुक्याच्या शाळेत जाणारी मुले, दवाखान्यात निघालेली एक अवघडलेली बाई आणि तहसील कचेरीत खेटा घालावयास निघालेले दोन शेतकरी अशा साऱ्यांनी गाडी भरली. आम्ही चौघे उभे राहून आलो. सार्वजनिक सेवा म्हणजे काय, यावर पुढे मी वर्गात कित्येक तास बोललो. पण तिची पहिली व्याख्या मी त्या गाडीत ऐकली.

पायी हिंडणे हे सुखवस्तूंचे फॅड आहे, असे आपल्यापैकी काहींना वाटते. वस्तुतः हा डोंगर चालणाऱ्यांनीच घडविला. पितळखोऱ्याच्या लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. त्यांत प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव नामक गंधिकाचे दान नोंदलेले आहे. तेथील यक्षमूर्तीच्या तळहातावर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचे नाव आहे. ही नावे कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची आहेत. मध्ययुगात एकनाथ बालवयात पैठणहून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले, अशी परंपरा सांगते. आजही श्रावणात या शहरातील हजारो माणसे रात्रभर चालून खुलताबादच्या भद्रा मारुतीला जातात. त्यांत कारखान्यांतील कामगार असतात, भाजीवाल्या असतात, महाविद्यालयीन मुले असतात. आणि माणसाचेच कशाला? २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ गौताळ्यात येऊन राहिला. तोही पायीच आला.

समाजवादी चळवळीला तर हा विषय मुळीच परका नाही. १८९५ साली व्हिएन्नामध्ये समाजवाद्यांनी ‘निसर्गमित्र’ ही संघटना स्थापिली. कारखान्यात आठवडा काढणाऱ्या कामगाराला रविवारी डोंगराची हवा मिळावी, हा तिचा हेतू होता. पुढे ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले कार्ल रेनर हे तिच्या संस्थापकांपैकी एक. इंग्लंडमध्ये २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर परिसरातील तरुण कामगारांनी जमीनदारांची मनाई मोडून किंडर स्काउट या डोंगरावर सामुदायिक चढाई केली. पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या रानात लोकांना प्रवेश मिळावा यासाठी तरतूद करणारा कायदा पुढे १९४९ साली मजूर पक्षाच्या सरकारने केला. तेथे वाट अडविणारा जमीनदार होता. आपल्याकडे जंगल सरकारचे, म्हणजे जनतेचे आहे. मग आपली वाट कोणी अडविली?

माझे उत्तर असे की, ती मोटारीने अडविली. पावसाळ्यातील एखाद्या रविवारी म्हैसमाळला जाऊन पाहा. खुलताबादपासून वर मोटारींची रांग लागलेली असते. धूर, कर्णे आणि बाटल्यांचा खच. ज्याच्याजवळ मोटार आहे तो डोंगरावर जातो आणि आपल्याबरोबर शहरही घेऊन जातो. ज्याच्याजवळ ती नाही, तो घरी बसतो. मराठवाडा हा महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेला विभाग. १९८६ साली घोषित झालेले सुमारे २६० चौरस किलोमीटरचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य हा आपल्या वाट्यास आलेला मोठा ठेवा. तो पाहण्याची अट मोटारीची मालकी ही असेल, तर सार्वजनिक मालकीला अर्थ काय उरला?

येथे एस.टी.चा प्रश्न येतो. आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९३२ सालीच सरकारी बससेवा सुरू झाली, ती २७ गाड्यांनिशी. मुंबई राज्यात पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी धावली. ‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एस.टी.’ हे ब्रीद दोन पिढ्यांनी अनुभविले. करोनाची साथ आणि पाठोपाठ २०२१-२२ चा प्रदीर्घ संप यांनंतर चित्र बदलले. साथीपूर्वी १८ हजारांच्या घरात असलेल्या गाड्या पुढे १५ हजारांच्या आसपास आल्या. गाड्या कमी पडल्या की प्रथम कोणती फेरी जाते? शहरा-शहरांमधील जात नाही. आडवळणाच्या गावाची जाते, आणि त्यातही मुक्कामाची जाते.

गेल्या हिवाळ्यात माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांसह मी पुन्हा त्याच डोंगरात गेलो होतो. एका फाट्यावर अकरावीत शिकणारी एक मुलगी भेटली. “आजोबा, तुम्ही इतक्या लांबून कशाला आलात?” तिने विचारले. “चालायला,” मी म्हणालो. ती हसली. म्हणाली, “मी तर रोज चालते. गावात गाडी येत नाही. फाट्यापर्यंत सहा किलोमीटर, नि संध्याकाळी परत सहा. पुढच्या वर्षी घरचे पाठवतात की नाही, माहीत नाही.” मित्रहो, मी ओशाळलो. मला जे चालणे आनंद वाटत होते, तेच चालणे तिचे शिक्षण तोडावयास टपले होते. शासनाने मुलींना शाळेसाठी मोफत पास दिला, २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट दिले. हे योग्यच झाले. पण जी गाडी गावात येतच नाही, तिचे अर्धे तिकीट कोणाच्या काय कामाचे? सवलतीचा हक्क हा प्रथम फेरीचा हक्क असला पाहिजे.

यावर ठरलेला आक्षेप येतो की, ही फेरी तोट्यात जाते. मी तो टाळणार नाही. खेड्याकडील वाहतूक एकेरी असते. सकाळी माणसे गावातून तालुक्याला जातात, संध्याकाळी परततात. साहजिकच सकाळी गावाकडे जाणारी आणि संध्याकाळी गावाकडून येणारी गाडी रिकामी धावते. डिझेल तेवढेच, पगार तेवढाच, उत्पन्न मात्र निम्मे. आता पाहा, डोंगरात पायी हिंडावयास जाणारा शहरी माणूस नेमका याच दोन रिकाम्या फेऱ्यांचा उतारू आहे! तो सकाळी गावाकडे निघतो आणि संध्याकाळी शहराकडे परततो. रविवारी शाळा-कचेऱ्या बंद म्हणून जी फेरी परवडत नाही, तिला रविवारचा हा उतारू आधार देईल. एवढ्याने सारा तोटा भरून निघेल, असे मी म्हणत नाही. पण त्या मुलीचे आणि आपले हित एकाच गाडीत बसू शकते, एवढे यातून सिद्ध होते.

आणि तोट्याचा हिशेब मांडावयाचाच, तर तो पुरता मांडा. खाजगी मोटारीचा मालक रस्त्याचा कर खरेदीच्या वेळी एकदाच भरतो, एस.टी.च्या तिकिटावर मात्र साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे प्रत्येक फेरीला घेतला गेला. ज्या घाटात दरडी कोसळतात, जेथील अवजड वाहतूक २०२३ मध्ये उच्च न्यायालयाला थांबवावी लागली, त्या औट्रम घाटावर प्रत्येक मोटारीचा जो भार पडतो, तो कोणाच्या खात्यावर लिहिला जातो?

हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. अजिंठ्याला या शतकाच्या प्रारंभापासून खाजगी मोटार फर्दापूरच्या टी पॉइंटवर, लेण्यांपासून ४ किलोमीटर अलीकडे थांबते. तेथून मंत्री असो वा मजूर, सर्वांना एस.टी.च्याच गाडीने जावे लागते. लेणी वाचावीत म्हणून केलेली ही व्यवस्था जंगल वाचावे म्हणून म्हैसमाळला आणि गौताळ्याला का होऊ नये? निदान पावसाळ्यातील रविवारी मोटारी खुलताबादला आणि कन्नडला थांबवाव्यात, पुढे एस.टी. चालवावी.

आपण काय करावयाचे? ज्या गावांची मुक्कामी गाडी गेली, त्यांची यादी तालुकावार करा. ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात किती मुलींचे शिक्षण अडते ते आकड्यांनिशी लिहा आणि आगाराकडे नेटाने पाठपुरावा करा. चालक-वाहकांच्या संघटनांना बरोबर घ्या. रात्री मुक्कामाला त्यांना धड खोली आणि पाणी गावाने दिले पाहिजे, पाराचा आसरा पुरेसा नाही. आपली शिबिरे डोंगराच्या पायथ्याच्या गावात घ्या. वन खात्याची परवानगी काढा, वाट सोडू नका, कचरा परत आणा, आणि जेवणाचे दाम गावातील बायांच्या हाती द्या.

आता शेवटचे. उद्या आपण म्हैसमाळला जाणार आहोत आणि त्यासाठी चार मोटारी सांगून ठेवल्या आहेत, असे मला आताच कळले. संयोजकांनी राग मानू नये, पण त्या मोटारी परत पाठवाव्यात. मी तर मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबादची गाडी धरणार आहे आणि पुढे वर चालत जाणार आहे. माझे अर्धे तिकीट आहे. तुमचे पूर्ण लागेल. सुटे पैसे जवळ ठेवा.