यंत्रमानवाचा मेंदू आणि त्याच्या तारा



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल की, हा गृहस्थ आता विचार करणाऱ्या यंत्रांच्या अद्भुत कथा सांगणार. माझा तसा बेत नाही. मी बोलणार आहे ते तारा, नट आणि फ्यूज यांविषयी.

अमेरिकेत डीन केमन या संशोधकाने १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, आणि १९९२ पासून तिच्या वतीने शाळकरी मुलांनी बांधलेल्या यंत्रमानवांच्या स्पर्धा होऊ लागल्या. आपल्या मुंबईच्या मुलांचे संघही त्यांत उतरलेले आहेत. पन्नास किलोंच्या घरातला हा गडी सुमारे अडीच मिनिटे मैदानात झुंजतो. २०१५ च्या हंगामापासून त्याच्या अंगात ‘रोबोरिओ’ नावाचा नियंत्रक बसू लागला. लोक त्याला मेंदू म्हणतात. घोटाळा होतो तो या शब्दापासूनच!

कारण हा मेंदू स्वतः एकही चाक फिरवीत नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीतून निघालेली जाड तार १२० अँपिअरच्या मुख्य ब्रेकरमधून वाटप-फलकावर येते. तेथून प्रत्येक मोटारीच्या चालक-पेटीला एक फाटा जातो आणि मेंदूलाही त्याचा स्वतंत्र, फ्यूज घातलेला बारीक फाटा मिळतो. मेंदू चालक-पेटीला केवळ निरोप धाडतो, आणि मोटारीला वीज सोडते ती पेटी. अन्नाची वाट निराळी, निरोपाची निराळी. मात्र स्वयंपाकघर सर्वांचे एकच!

येथे थोडा हिशेब करू. भरलेली बॅटरी १२.५ व्होल्टची धरा. सर्व मोटारी एकदम जोर लावतात तेव्हा क्षणभर २०० अँपिअर वाहतात असे समजा. क्षणभराच्या अशा भाराने ब्रेकर पडत नाही, कारण तो तापल्यावर तुटणारा असतो. बॅटरी आणि तारा यांचा मिळून रोध ०.०२ ओहम असेल, तर ४ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि ८.५ उरतात. काम चालते. आता बॅटरीच्या टोकावरचा एक नट सैल आहे आणि त्याने ०.०१५ ओहमची भर घातली, असे धरा. आणखी ३ व्होल्ट गेले, उरले ५.५. रोबोरिओच्या पहिल्या आवृत्तीत दाब ६.३ व्होल्टच्या खाली गेला की तो मोटारींचे हुकूमच थांबवतो, कारण त्याला स्वतःला जागे राहायचे असते. दाब ४.५ च्याही खाली गेला तर तो स्वतःच मूर्च्छित पडू शकतो. मग शुद्धीवर येईपर्यंत डाव हातचा गेलेला असतो.

निरोपाच्या वाटेचीही तीच कथा. मोटारगाड्यांसाठी बॉश कंपनीने काढलेली ‘कॅन’ नावाची पद्धत येथे वापरतात. एकमेकींना पीळ दिलेल्या पिवळ्या व हिरव्या तारांची जोडी एका पेटीतून दुसरीत जाते, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. यांतले एक टोक मेंदूच्या आतच आहे. वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावावा. ६० ओहम दिसले तर दोन्ही टोके शाबूत आहेत. १२० दिसले तर तार कोठेतरी तुटली आहे किंवा एक टोक सुटले आहे. हे शोधायला मिनिटही लागत नाही.

आणि तरीही काय घडते? यंत्र मैदानात थबकले की सर्वांच्या नजरा आज्ञावली लिहिणाऱ्या मुलाकडे वळतात. तो बिचारा रात्रभर जागून निर्दोष ओळी पुन्हा पुन्हा तपासतो. पान्याच्या अर्ध्या फेऱ्याचे काम, आणि त्यासाठी एका मुलाचा आत्मविश्वास खर्ची पडतो! मला या नुकसानीची खंत वाटते. डाव हरल्याची तितकीशी नाही.

श्रोतेहो, डोक्याचे काम थोर आणि हाताचे हलके, ही आपली जुनी समजूत आहे. तीच आपण यंत्रावर लादतो, आणि मेंदूपाशी सर्व यश, सर्व अपयश नेऊन ठेवतो. म्हणून मुलांना माझे सांगणे एवढेच की, प्रत्येक जोड हाताने ओढून पाहा, छिद्र पाडताना मेंदूवर कापड टाका म्हणजे धातूचा कीस आत जाणार नाही, प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा. आणि वडीलधाऱ्यांना सांगणे असे की, दोष कोणाचा हे विचारण्यापूर्वी मीटर हातात घ्या. आणि तोही शक्य तर मुलाच्याच हातात द्या.