लेकरासोबत आईबापाचंही नाव घाला



क्लास लावणं म्हणजे काय, हे आपल्या लातूर जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. दहावीचा निकाल लागला की अहमदपूर, चाकूर, जळकोट, अगदी कंधार-लोह्यापर्यंतची माणसं लातूरला खोली बघायला निघतात. आई पोराबरोबर खोलीवर राहते, दोन वर्षं स्वयंपाक-डबे करते. बाप इकडं सोयाबीनचं बघतो आणि महिन्याला पैसे पाठवतो. लेकरासाठी संसार दोन ठिकाणी मांडायची ही तयारी मी फार मोठी मानते. तीच तयारी आज मला अडीच वर्षांच्या लेकरासाठी हवी आहे.

कोणत्या लेकरासाठी? ज्याला आई हाक मारते आणि ते वळून बघत नाही. पाणी हवं असलं तर बोट दाखवत नाही, आईचं मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत नेतं. डब्याचं झाकण फिरवत तासन्‌तास बसतं. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात घेतं. माळेगावच्या यात्रेत नेलं तर गर्दीत अंग टाकून देतं. काही लेकरं दीड वर्षापर्यंत दोन-चार शब्द बोलतात आणि मग तेही जातात. याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात साधारण 127 माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न असते. आपल्या तालुक्यातली ही लेकरं कुठं आहेत, असं कुणी विचारलं तर उत्तर सरळ आहे. ती घरात आहेत.

घरात का आहेत? ‘याचा मामासुद्धा चार वर्षांनी बोलला’ हे वाक्य प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं. मायेनं म्हणतं, आईला धीर द्यायला म्हणतं. पण त्या धीरात वर्ष जातं. पुढचं वर्ष देवऋषी, नवस, गंडेदोरे यांत जातं. मग कुणीतरी सुनेवर बोट ठेवतं : हिनं मोबाइल दिला, ही लेकराशी बोललीच नाही. आईला दोष देण्याची ही रीत आपल्याच गावची आहे असं समजू नका. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची निरीक्षणं लिहून या अवस्थेला नाव दिलं, आणि त्यानंतर तिथल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी वीसेक वर्षं थंड स्वभावाच्या आयांना जबाबदार धरलं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 मध्ये पुस्तक लिहून हा आरोप खोडला. स्वमग्नता मेंदूच्या जडणघडणीतून येते, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आईच्या मायेचा तिच्याशी काही संबंध नाही. मोबाइल बाजूला ठेवा, जरूर ठेवा, कारण त्यानं बोलण्या-खेळण्याचा वेळ खाल्ला जातो. पण आईला गुन्हेगार ठरवू नका. ती खचली तर लेकराला शिकवणार कोण?

वर्षाचं लेकरू बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल, दोन वर्षांत आपल्या मनानं दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेली भाषा कोणत्याही वयात गेली असेल, तर थांबायचं नाही. आधी कान तपासा. ‘बेरा’ नावाची तपासणी झोपलेल्या बाळाचीही करता येते. कान चांगले आहेत असं कळलं की बालविकासाच्या जाणकाराकडं जा. आणि महत्त्वाचं म्हणजे निदानाचा कागद हातात पडेपर्यंत शिकवणं अडवून धरू नका. लेकरू बोलत नाही एवढं कारण सुरुवातीला पुरेसं आहे.

आता अशा लेकरांना लहानपणीच शिकवणाऱ्या वर्गात चालतं काय, ते सांगते; कारण बहुतेकांना वाटतं, तिथं बोलायची घोकंपट्टी होत असेल. एक मुलगा झाकण फिरवत बसलाय. शिकवणारी ताई त्याच्या हातातलं झाकण काढून घेत नाही. ती जमिनीवर, त्याच्यासमोर बसते आणि दुसरं झाकण तसंच फिरवू लागते. तो बघत नाही. ती फिरवत राहते. बऱ्याच वेळानं त्याची नजर तिच्या झाकणावर येते. मग ती हात थांबवते आणि वाट बघते, काही न बोलता. मुलगा तिच्या हाताला हात लावतो : फिरव. तेव्हा ती ‘फिरव’ हा एकच शब्द उच्चारते आणि झाकण फिरवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, यात काय शिकवलं? पण माणसाकडून काही मागता येतं, मागितलं की मिळतं, हे त्या लेकराला त्या दिवशी कळलं. भाषेची सुरुवात इथूनच होते. बिस्किटाचा पुडा हातात न देता तुकडा तुकडा देणं, दोन वाट्या समोर धरून निवडायला लावणं, अंघोळ-जेवण-झोप यांची चित्रं भिंतीवर क्रमानं लावणं, हे सगळं त्याच मागणीला वाढवत नेणं आहे.

हे आठवड्यातले दोन-तीन तास वर्गात झालं आणि बाकीच्या वेळी घरी नाही झालं, तर फार पुढं जात नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा वर्गात नाव घालताना आईबापाचंही नाव घालायचं. वर्ग बघायला जाल तेव्हा इमारत, खेळणी, भिंतीवरची चित्रं नंतर बघा. पहिला प्रश्न विचारा : मी आत बसू का? जिथं दार लावून घेतात, ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणतात आणि काय केलं ते समजावून सांगत नाहीत, तिथं पैसे भरण्याआधी दहादा विचार करा. जिथं लेकराला दटावतात, हात बांधून बसवतात, तिथून त्याच दिवशी घेऊन या. आणि जो कुणी सहा महिन्यांत बरं करतो म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. स्वमग्नता हा बरा करायचा आजार नव्हे. स्टेम सेलच्या नावावर लाखो रुपये घेतले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्येच स्पष्ट केलंय की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही. शेत विकून असल्या उपचारामागं धावू नका. लवकर शिकवल्यानं काही लेकरं बोलू लागतात, काही चित्रं दाखवून मागतात, काही स्वतःचं स्वतः जेवू-धुऊ लागतात. प्रत्येकाची चाल वेगळी असते, आणि यातली प्रत्येक गोष्ट आयुष्यभर पुरते.

प्रश्न येतो तो अंतराचा. लातूरला स्वमग्न लेकरांसाठी ‘उमंग’सारखं केंद्र आहे, मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी हरंगुळला ‘संवेदना’ आहे. सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत 2021 पासून शीघ्र हस्तक्षेपाचं, म्हणजे लहान वयातच शिकवणं सुरू करण्याचं, वेगळं केंद्र सुरू आहे, आणि आपली बरीच माणसं तिकडं जातात. पण अहमदपूरहून लातूर काय, नांदेड काय, साठ-सत्तर किलोमीटर. ज्याला आवाज सोसत नाही अशा लेकराला भरलेल्या एसटीतून आठवड्याला दोनदा न्यायचं, त्या दिवसाची मजुरी बुडवायची, हे किती दिवस निभणार? आणि आपल्या डोंगरपट्ट्यातली घरं तर दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सहा महिने लेकरू कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, असतं. त्याची तपासणी कोण करणार, वर्ग कुठला?

कायद्यातही इथं एक फट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं स्वमग्नतेला 21 दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली, ही मोठी गोष्ट झाली. 1995 च्या कायद्यात ती नव्हतीच. पण मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्यात सहा ते अठरा वर्षं वयासाठी लिहिलाय. सहाच्या आधीची वर्षं, जेव्हा शिकवणं सगळ्यात जास्त लागू पडतं, ती अंगणवाडीच्या आणि आरोग्य खात्याच्या भरवशावर सोडलेली आहेत. तिथं व्यवस्था कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन लेकरं तपासतं आणि पुढं जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं पाठवतं. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांना वेगळी कार्यपद्धतीही घालून दिली. पण पथक येतं त्या दिवशी असं लेकरू अंगणवाडीत नसतंच. ‘हे आलं की इतरांना त्रास देतं’ म्हणून आईच त्याला घरी ठेवते.

तज्ज्ञ नाहीत म्हणून काही होणार नाही, असं मात्र मी मानत नाही. गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एक प्रयोग झाला, 2016 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 65 स्वमग्न मुलं त्यात होती. डॉक्टर किंवा थेरपिस्ट नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या पंधरवड्याला एकदा पालकांना भेटायच्या. आई मुलाशी खेळतानाचं चित्रण करायच्या आणि ते तिलाच दाखवायच्या : बघा, इथं तो तुमच्याकडं बघतोय, इथं तुम्ही थांबला असता तर? सहा महिन्यांत आयांची प्रतिसाद देण्याची रीत बदलली आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. यात लागलं काय? शिकवलेली कार्यकर्ती, कॅमेरा आणि आई. आपल्याकडं आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, फोन घरोघरी आहे. प्रशिक्षण तेवढं नाही. ऊसतोडीच्या कोपीपर्यंतही अशी कार्यकर्ती फोनवरून पोहोचू शकते.

म्हणून अहमदपूरकरांकडं माझं मागणं आहे. या गावात शाळा आहेत, महाविद्यालयं आहेत, सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पडलेल्या खोल्या आहेत. त्यातली एक शांत खोली आठवड्यातून दोन दिवस द्या. लातूरहून एक विशेष शिक्षक आणि एक वाचा-उपचारतज्ज्ञ यांच्या येण्या-जाण्याचा खर्च इथल्या व्यापाऱ्यांनी, शिक्षकांनी, डॉक्टरांनी उचलावा. तालुक्यातल्या आशाताई आणि अंगणवाडीताई तिथं शिकायला येऊ द्या. आणि आपल्या गल्लीत, भावकीत असं एखादं लेकरू असेल तर उद्या सकाळी त्याच्या आईकडं जा. सल्ला देऊ नका. ‘अंगणवाडीत पथक येईल त्या दिवशी मी तुझ्यासोबत येते’ एवढं सांगा, आणि त्या दिवशी खरंच जा.