सरकारची मालकी म्हणजे जनतेची मालकी नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



रेल्वे आणि पोस्ट खात्यातल्या आपण कामगारांनी विलायती फुटबॉलची चर्चा कशाला करायची, असे काहींना वाटेल. पण हा खेळ कामगारांनी वाढवला आहे. १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील कॅरेज अँड वॅगन विभागातल्या कामगारांनी संघ काढला. तोच आजचा मँचेस्टर युनायटेड. शिवाय ‘सरकारी मालकी’ हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द. तो नीट समजून घ्यायला या खेळातले उदाहरण उपयोगी पडते.

गेल्या काही वर्षांत तेलाचा आणि वायूचा पैसा युरोपच्या मैदानांवर उतरला. २००८ मध्ये अबू धाबीच्या राजघराण्यातील शेख मन्सूर यांनी मँचेस्टर सिटी घेतला. २०११ मध्ये कतारच्या सरकारी पैशातून पॅरिसचा पीएसजी घेतला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेडचा ८० टक्के हिस्सा घेतला. सौदी सरकार क्लब चालवणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचे तेव्हा प्रीमियर लीगने सांगितले. पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात याच निधीने आपण सौदी राज्याचे अंग असल्याचे आणि आपले प्रमुख विद्यमान मंत्री असल्याचे कोर्टाला सांगितले. तेच गृहस्थ न्यूकॅसलचे अध्यक्ष! सोयीप्रमाणे सरकार, सोयीप्रमाणे खासगी.

न्यूकॅसलच्या प्रेक्षकांनी काय केले? हजारो लोक मैदानाबाहेर जमून नाचले. आम्ही त्यांना हसणार नाही. हे कोळशाचे आणि जहाजबांधणीचे गाव. उद्योग बुडाले, उरला तो क्लब. आधीचा मालक १४ वर्षे होता. तो दुकानांच्या साखळीचा धनी. त्याच्या गोदामात पाळी संपल्यावर झडतीसाठी ताटकळावे लागे आणि त्या वेळेचे पैसे मिळत नसत. २०१६ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले. असा मालक गेल्याचा आनंद आपण समजू शकतो. मार्च २०२५ मध्ये न्यूकॅसलने लीग कप जिंकला. देशांतर्गत मोठा चषक तिथे ७० वर्षांनी आला.

परंतु बंधूंनो, चषकाची किंमत कोण मोजतो? सौदी अरेबियात कामगार संघटना काढता येत नाही, संप करता येत नाही. तिथे वीस लाखांहून अधिक भारतीय राबतात. आपल्या कोकणातली कितीतरी घरे आखाती मनिऑर्डरवर उभी राहिली. १२ मार्च २०२२ रोजी त्या सरकारने एका दिवसात ८१ जणांना देहदंड दिला. दुसऱ्याच दिवशी न्यूकॅसलचा सामना झाला. जगाने चर्चा सामन्याची करावी, यासाठीच तर क्लब घेतले जातात. न्यूकॅसलच्याच काही प्रेक्षकांनी याविरुद्ध गट स्थापन केला. ते थोडे आहेत, पण आपल्याच संघाच्या मालकाला जाब विचारणे सोपे नसते.

आपण खासगीकरणाला विरोध करतो तेव्हा ‘सरकारकडे असू द्या’ म्हणतो. का? कारण सरकारला मत देता येते, संसदेत प्रश्न विचारता येतो, गेटवर सभा घेता येते. हे तिन्ही काढून घेतले, तर सरकारी मालक आणि खासगी मालक यांत फरक तो काय राहिला?

संघटित प्रेक्षक काय करू शकतात, तेही पाहा. एप्रिल २०२१ मध्ये १२ धनाढ्य क्लबांनी वेगळी सुपर लीग जाहीर केली. इंग्लंडमधले प्रेक्षक रस्त्यावर उतरले आणि ४८ तासांत तिथले सहाही क्लब मागे फिरले. जर्मनीत क्लबमधली निम्म्याहून जास्त मते सभासदांकडेच राहावीत, असा नियम आहे, अपवाद मोजके. तरीही तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचे ठरवले, तेव्हा प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बेत सोडावा लागला.

हे सारे दूरचे वाटते का? मँचेस्टर सिटीच्या मालक गटाने २०१९ मध्ये मुंबई सिटी क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो सोडून दिला. मुंबईच्या प्रेक्षकाला ना येताना कोणी विचारले, ना जाताना.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. मालक देशी की परदेशी, शेठ की सरकार, एवढ्यावर थांबू नका. त्याला हिशेब विचारण्याचा हक्क कोणाला आहे, हे विचारा. तो हक्क मैदानात असो वा कारखान्यात, संघटनेशिवाय मिळत नाही आणि संघटनेशिवाय टिकत नाही.